सक्करदऱ्यातले दोन डेकवाले

मालवणातून नागपूरला निघालेल्या माणसाला गावात एकच प्रश्न विचारतात : तिकडे कोण आजारी आहे? आमच्याकडचं माणूस मुंबईला जातं, फार तर कोल्हापूरला. हवापालट म्हणून नागपूरला, तेही एप्रिलच्या उन्हात, कोणी जात नाही. शाळेत मुलांना नकाशावर नागपूर दाखवताना मी देशाच्या पोटावर छडी टेकवते आणि सांगते, इथून कुठल्याही समुद्राला जायचं तर आडवं लांब जावं लागतं. अशा गावात मी समुद्राच्या गोष्टी ऐकून आले, म्हणून हे लिहिते आहे.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं. सातवी पास झाल्यावर बाबा नौदलात गेले आणि बरीच वर्षं विमानवाहू जहाजावर होते. जहाजाच्या सपाट छपरावरून, म्हणजे डेकवरून, विमानं उडतात आणि तिथेच उतरतात. त्या डेकवर बाबांचं काम. विमानं ढकलून जागेवर लावायची, चाकांना ठोकळे लावायचे, काढायचे, आणि वैमानिकाला हातांच्या खुणा करून पुढे-मागे आणायचं. त्या पगारावर मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी कॉलेजचं दार ओलांडलेलं नव्हतं. हे मी कुठेही सांगते, तसं इथेही सांगितलं.

बाबांचा डेकवरचा जोडीदार म्हणजे नागपुरातल्या सक्करदऱ्याचे मेश्रामकाका. एक दिवस काकूंचं कार्ड आलं : "भाऊजी, प्रज्ञाचं साक्षगंध येत्या रविवारी आहे. हे बसायला तयार नाहीत. तुमचंच ऐकतील. या." साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. मुलीच्या साखरपुड्याला बापच बसणार नाही म्हणतो, हे वाचून बाबा बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत होते. मग मला म्हणाले, "गो, शाळेक सुट्टी पडली मा? मगे चल. माका एकट्याक तेंची बोली कळाची नाय."

स्टेशनवरचं विमान

प्रवासाबद्दल एवढंच सांगते, की पिशवीतल्या सुक्या बांगड्यांच्या वासामुळे मनमाडच्या पुढे आमचा बाक आम्हा दोघांनाच मिळाला.

नागपूरला उतरले आणि वाटलं, कोणीतरी चुलीचं तोंड माझ्याकडे वळवलंय. आमच्याकडे ऊन घाम काढतं. इथलं ऊन घाम फुटायच्या आत वाळवून टाकतं. मी पदर डोक्यावर घेत होते, तेवढ्यात बाबा फलाटावर थबकले. पार दुसऱ्या टोकाला खाकी कपड्यातला एक उंच माणूस दोन्ही हात वर करून, कोपरातून वाकवून, आम्हाला हळूहळू बोलावत होता. हाक नाही, काही नाही. बाबांनी ट्रंक हमालाच्या पायाशी ठेवली, दोन्ही हात विमानाच्या पंखांसारखे पसरले, आणि भर फलाटावर त्या खुणांच्या तालावर चालायला लागले. समोरच्याने डावा हात दाखवला, बाबा डावीकडे वळले. त्याने दोन्ही मुठी आवळल्या, बाबा जागच्या जागी उभे. मग दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले.

"दादा की तबियत ठीक है ना?" हमालाने मला विचारलं.

"दोघांचीही ठीक आहे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

सायकलरिक्षात काका अखंड बोलत होते. "काहून वं पोरी, मास्तरीण झाली म्हने! एवढीशी होती तं बापाच्या टोपीत बसे. काय खाशीन? आमच्या इथं तुह्या समुद्राचे मासे नाही भेटत, पण वांगे असे भेटतीन का तू मासे भुलशीन." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, की त्यांचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं. मला वाटलं, काय मोकळा माणूस आहे! हा माणूस मुलीच्या साखरपुड्याला बसायला तयार नाही, असं कोण म्हणेल?

संध्याकाळी काकूंनी चुलीशी बसून सगळं सांगितलं. "ते बोलून राहतेत ना, तेच तं लपवनं आहे. आपन बोलत राह्यलं तं समोरचा विचारत नाही. विचारलं तं सांगा कसं? यायले ऐकू येत नाही वं पोरी. आता तं काहीच येत नाही."

डेकवरच्या विमानांच्या आवाजाने गेले होते कान. बाबांचाही डावा कान त्या जहाजावरच राहिलाय, पण उजव्यावर भागतं. काकांचे दोन्ही गेले, हळूहळू, निवृत्तीनंतर पुरते. मागच्या साली प्रज्ञाला पाहायला भंडाऱ्याकडचे लोक आले होते. त्यांच्या म्हाताऱ्याने काकांना दोनदा काहीतरी विचारलं. काका दुसरीकडे बघत बसले. लोक उठून गेले. नंतर निरोप आला, की मुलीचा बाप घमेंडखोर दिसतो.

"मग सरळ सांगून टाकायचं ना," मी म्हटलं. "जहाजावर कान गेले, ही काय लाजेची गोष्ट आहे?"

काकूंनी भाकरी तव्यावर उलटली. "तू शिकलेली आहेस, तुले सोपं वाटते. लोकं म्हनतीन, बहिरेपन घराण्यात आहे. पोरीच्या पोटीही बहिरेच येतीन. मंग कोन करते पोरगी?"

प्रज्ञा तांदूळ निवडत होती. तीही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. त्या घरातली पहिलीच. आमचं लगेच जमलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मले तं खोटं बोलून लग्न करायचंच नाही. पण माह्यं कोन ऐकते? एकाले ऐकू येत नाही, दुसरी ऐकत नाही."

काकू हसल्या आणि तिच्या पाठीत पिठाच्याच हाताने एक धपाटा घातला.

तलावाच्या काठी

सकाळी तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याचा असा लालभडक रस्सा ओततात, की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या घासानंतर मी अजून मागितला. आमच्याकडच्या पोह्यांत खोबरं असतं, ते खाल्लं की झोप येते. हे खाल्लं की माणूस भांडायला तयार होतो. बदल्यात मी दुपारी सोलकढी केली. काकूंनी ती औषधासारखी एका घोटात संपवली आणि "उन्हावर बरी आहे" असं प्रशस्तिपत्र दिलं. सुके बांगडे मात्र काकांनी निखाऱ्यावर स्वतः भाजले आणि डोळे मिटून खाल्ले. शेजारच्या घरांच्या खिडक्या पटापट बंद झाल्या.

उन्हं उतरल्यावर दोघे तलावाकडे फिरायला गेले आणि मीही मागून गेले. सक्करदऱ्याचा तलाव उन्हाळ्यात आटून मध्यभागी जमा झालेला होता. दोघे चालताना खाली बघत चालत होते, मधूनच वाकून काहीतरी उचलत होते. एक गंजका खिळा, एक बाटलीचं बूच, खडे. काकांचा खिसा भरला, तसं मी बाबांना विचारलं.

"सवय गो ती," बाबा म्हणाले. विमानं उडायच्या आधी सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून, एका ओळीत, डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि दिसेल तो कण उचलायचा. एखादा सुटा नट जेट विमानाच्या इंजिनाने आत ओढला, तर इंजिन फुटतं. अधिकारी असो की खलाशी, वाकायचं सगळ्यांनीच. बाबांच्या हातांवरून विषय ओळखून काका मोठ्याने म्हणाले, "तेच मले आवडे! आमच्या गावात वाकायचे लोक वेगळे होते अन् उभे राहायचे वेगळे. तिथं सारेच वाकत."

काकांच्या आवाजाला डेकवरचीच सवय; काठावरचे बगळे उडाले.

मग दोघांचं जहाज सुरू झालं. नागपूरच्या या माणसाने नौदलात जाईपर्यंत सक्करदऱ्याच्या तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा त्यांनी कोणाला तरी विचारलं होतं, की पलीकडचा काठ कोणत्या बाजूला आहे. आणि तरी जहाज हललं तेव्हा उलट्या कोणाला झाल्या? बाबांना! जन्मल्यापासून होडीत बसलेल्या माणसाला!

"होडीत वारो लागता," बाबा बचावाला आले. "तो लोखंडी डबो. आत तेलाचो वास."

"तुह्या बापानं आठ-दहा दिवस ताटाले हात नाही लावला," काका मला म्हणाले. "मीच दोघायचं खाल्लं. म्हून मी उंच झालो."

त्यांनी सांगितलं, की जहाजाच्या पोटात इतके जिने आणि इतक्या गल्ल्या, की नवा माणूस आंघोळीला निघायचा आणि तोफखान्यात पोचायचा. केरळी आचाऱ्याच्या रस्समला कोणी नावं ठेवली, की दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात फक्त रस्सम. दुपारी डेक इतकं तापायचं, की बुटांचे तळ चिकटायचे. आणि इंजिन सुरू झालं की आवाज कानांत नाही, दातांत ऐकू यायचा. कानांत कापसाचे बोळे. बोलणं शक्यच नाही, म्हणून सगळा कारभार हातांवर. अंगठा वर म्हणजे ठीक. आवळलेली मूठ म्हणजे ब्रेक. गळ्यावरून आडवा हात म्हणजे इंजिन बंद. आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे, म्हणजे थांबा.

"ही खूण सगळ्यांत मोठी," बाबा म्हणाले. "ती कोणीय देवची. खलाश्यान कॅप्टनाक दिली तरी कॅप्टनान थांबाचा. आणि बघल्यानीत तेंनी सगळ्यांनी हात तसेच वर करूचे, म्हणजे लांबच्याक दिसात. कशाक थांबलंव ता मगे इचारूचा."

बाबा बोलत असताना काका त्यांच्या हातांकडे बघत होते. त्यांनी खाली बसून वाळूत पंखा काढला. एकदा पहाटे धुकं होतं. पुढे पंखा असलेलं विमान चालू होतं. पंखा जोरात फिरायला लागला की दिसत नाही, नुसती हवा दिसते. काका दुसऱ्या विमानाचा दोर ओढत पाठमोरे मागे येत होते, सरळ त्या हवेकडे. हाक मारून उपयोग नव्हता. पार डेकच्या दुसऱ्या टोकाला बाबांनी हात डोक्यावर फुली करून धरले. समोर फुली दिसताच काका जिथे होते तिथे रुतले. का, ते मागे वळून पाहिल्यावर कळलं. पंखा त्यांच्या पाठीपासून हातभरावर होता.

"वळून पाह्यलं असतं पहिले, तं आज तुह्याशी कोन बोलून राह्यलं असतं?" काका म्हणाले. "म्हून ह्या मानसानं हात वर केले, का मी थांबतो. विचारत नाही."

बाबांनी वाकून आणखी एक खडा उचलला आणि काकांच्या खिशात टाकला.

धरमपेठ आणि सदर

दुसऱ्या दिवशी धरमपेठेत काका जिथे गार्ड आहेत ती बँक पाहायला गेलो. धरमपेठेतले रस्ते रुंद, झाडं भरपूर, बंगल्यांच्या फाटकांवर नावाच्या पाट्या. पाट्यांवरच्या पदव्या मी मोठ्याने वाचल्या आणि आपलीही लावावी असं मनात आलं, खोटं कशाला बोलू! दारात काका बंदूक घेऊन उभे होते. लोक येत होते, जात होते; कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माझ्या लक्षात आलं, ही नोकरी त्यांनी मुद्दाम शोधलेली आहे. गार्डाने गप्प राहिलं तर त्याला कोणी घमेंडखोर म्हणत नाही.

येताना प्रज्ञाबरोबर सदरच्या बाजारात गेले. तिथल्या एका दुकानातून तिने वडिलांसाठी कानाचं यंत्र आणलं होतं. ते लावलं की शिट्टी वाजायची आणि काकांना त्या शिट्टीशिवाय काही ऐकू यायचं नाही. दुकानदाराने दोनदा दुरुस्त करून दिलं, तिसऱ्यांदा "सवय होईल" असं सांगितलं. काकांनी ते डबीत घालून कपाटावर ठेवलं होतं. आम्ही संत्रा बर्फी घेतली आणि घरी आलो.

शनिवारची तालीम

काकांनी साक्षगंधाला बसायचं की नाही, हे शनिवारी दुपारी ठरलं, आणि ते बाबांनी ठरवलं. कूलरसमोर आम्ही सगळे बसलो होतो. कूलर म्हणजे खिडकीत बसवलेली वाळ्याच्या ताट्यांची पेटी. तिच्यातून पावसासारखा वास येतो आणि पाण्यासारखी हवा. बाबांनी काकांसमोर बसून, ओठ सावकाश हलवत, हातांनी दाखवत सांगितलं : तू विमान, मी खुणा करणारा. मी पाहुण्यांच्या पाठीमागे, मांडवाच्या खांबाशी उभा राहणार. त्यांनी विचारलं की मी ऐकीन. अंगठा वर केला की 'हो' म्हण. मूठ आवळली की नुसतं हस. हात खाली दाबले की आवाज कमी कर.

काका कधी नव्हे ते बारीक आवाजात म्हणाले, "अन् चुकलं तं?"

"चुकाचा नाय."

"पोरीचं मोडलं तं मी तुह्यं तोंड नाही पाहनार."

"नको बघू. हात बघ."

लगेच तालीम झाली. काकू नवरदेवाचे मामा झाल्या, कारण त्या बाजूने बोलणार होते मामाच; मुलाचे वडील गजभिये कापडाच्या मिलमध्ये कामाला, साधा माणूस, नुसता हसतो, असं काकूंनी सांगितलं. काकूंनी मामांचा आवाज काढला, "काय मेश्रामसाहेब, हुंड्याची काय गोठ?" बाबांनी मूठ दाखवली, काका गोड हसले. "जेवनात गोड काय हाय?" बाबांनी तोंडाकडे हात नेला, ही खूण डेकवरची नव्हती, त्यामुळे काकांनी मिशी पुसली. आम्ही हसून हसून लोळलो. काकाही हसले. पण मी पाहिलं, त्यांचे डोळे बाबांच्या हातांवरून एकदाही हलले नव्हते.

प्रज्ञा मात्र उठून आत गेली. मी मागे गेले. "हे बरोबर नाही," ती म्हणाली. "बाबा बसाले तयार झाले म्हून मी चूप आहे." मलाही ते बरोबर वाटत नव्हतं. पण त्या घरात मी पाहुणी होते, आणि बाहेर दोन म्हातारे पोरांसारखे हसत होते.

रविवार

सकाळपासून अंगणात दोन मोठी मडकी उलटी घालून खाली जाळ केला होता. शेजारणी पातळ कणीक एका हातावरून दुसऱ्या हातावर अशी खेळवत होत्या, की ती लांबत लांबत कोपरापर्यंत यायची, आणि मग ती त्या तापल्या मडक्यावर अंथरायच्या. रुमालाएवढी पातळ, धोतराएवढी लांब पोळी! मी करून पाहिली. माझी पोळी मडक्यावर पोचायच्या आधी जमिनीवर पोचली. "कोकनातली पोळी समुद्राकडे चालली," एक बाई म्हणाली.

पाहुणे आले. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, सगळ्यांनी उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं. आमच्याकडे भटजी आणि मुहूर्त यातच अर्धा दिवस जातो. इथे सगळं स्वच्छ आणि सुटसुटीत, मला फार आवडलं. मग मंडळी सतरंजीवर बसली. नवरदेव रमेश, पोस्टात कारकून, नाकीडोळी नीटस आणि घाबरलेला. त्याची आई. मामा, जाकीट घातलेले, बोलायला उत्सुक. आणि गजभिये, पांढऱ्या टोपीतले, सगळ्यांकडे बघून हसणारे. समोर काका, नौदलाची पदकं लावून. पाहुण्यांच्या पाठीशी खांबाला टेकून बाबा.

सुरुवात झकास झाली. मामांनी जहाजाचा प्रवास विचारला, नोकरी विचारली. काका बाबांकडे बघून 'हो' म्हणायचे, हसायचे, एकदा बाबांनी हात खाली दाबले तर आवाजही खाली आला. मामा खूश. "जहाजावर भीती नाही वाटली काय हो?" बाबांची मूठ. काका गोड हसले. "पाहा, शूर मानूस बोलत नाही," मामा म्हणाले.

मग मामांनी सुपारी हातात घेतली, बसल्या जागी सरसावले आणि ज्यासाठी सगळे जमले होते ते विचारलं : "तं मेश्रामसाहेब, पोरगी आमच्या घरात दिली, असं समजू?"

बाबांचा अंगठा वर यायला लागला. आणि त्याच वेळी रस्त्यावरून वावटळ आली. नागपूरची वावटळ म्हणजे धुळीचा उभा खांब. ती मांडवात शिरली, कापड फुगलं, वरचा आडवा बांबू बांधणीतून सुटला आणि सरळ पाहुण्यांच्या डोक्यांवर यायला लागला. बाबांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो पकडला. एक हात इकडून, एक तिकडून. फुली.

काका ताडकन उभे राहिले. दोन्ही हात डोक्यावर फुली करून, डेकच्या या टोकापासून त्या टोकाला जाईल अशा आवाजात ओरडले, "थांबाऽऽ!"

मामांच्या हातातली सुपारी तशीच. "थांबा म्हंजे? पोरगी देत नाही तुम्ही?"

काका हलले नाहीत. बाबांचे हात वर होते तोवर ते हलणारच नव्हते. आणि बाबांना हात खाली घेता येत नव्हते, कारण बांबू खाली आला असता. "अरे धरा कोणतरी! माका हात खाली घेवक होयेत!" बाबा मालवणीत ओरडत होते, आणि त्या गोंधळात ते माझ्याशिवाय कोणाला कळत नव्हतं. मी उठले, पण मध्ये बायकांची दाटी. मामा जाकीट झटकून उभे राहिले. "भंडाऱ्यावाले खरं सांगत होते. घमेंड आहे ह्या मानसाले." काकू भिंतीला धरून उभ्या होत्या.

आणि गजभिये उठले. इतका वेळ हसणारे, एक शब्द न बोललेले गजभिये. सगळी मंडळी काकांच्या तोंडाकडे बघत होती. या एकट्या माणसाने काकांचे डोळे कुठे लागलेत ते पाहिलं, मागे वळला, बांबू पाहिला, चार ढांगांत जाऊन तो खांद्यावर घेतला. बाबांचे हात खाली आले. लगेच काकांचेही खाली आले.

"हे काय होऊन राह्यलं?" मामा म्हणाले.

"मी सांगते," प्रज्ञा म्हणाली. ती काकूंकडे न बघता पुढे आली. "माह्या बाबाले ऐकू येत नाही. जन्माचं नाही, घराण्यातलं नाही. जहाजावर विमानं उडवून कान गेले. त्यायले हातायची भाषा समजते. हात वर दिसले, त्यायनं समजलं कोनाच्या तरी जिवाले धोका आहे, म्हून थांबवलं सारं. धोका होता का नाही, पाहा." तिने बांबूकडे बोट केलं. "आता तुमाले जे ठरवायचं ते ठरवा."

रमेशने तिच्याकडे वर मान करून पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदाच.

रमेशच्या आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडते आहे. पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

"मंग आमच्या यायले तरी कोठं ऐकू येते वं बाई!" ती काकूंना म्हणाली. "जिंदगी गेली मिलमधल्या धडधडत्या साच्यापाशी. तिथं साऱ्यायचेच कान जातेत, सारे हातानंच बोलतेत. आमी मनलं, तुमी जहाजावाले लोक, बहिरा व्याही पाहून नाही मनसान. म्हून भावाले बोलाले बसवलं अन् यायले सांगतलं, तुमी फक्त हासा."

मामांनी सुपारी खाली ठेवली आणि जाकिटाची गुंडी काढली. काकू मटकन खाली बसल्या.

बांबू कोणीतरी बांधायला घेतला. गजभिये खांदा झटकत आले आणि काकांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले. त्यांनी दोन बोटं कानाला लावून उडवली : गेले. काकांनी आपल्या दोन्ही कानांवर हात मारले : हेही गेले. गजभियेंनी हात इकडून तिकडे, मागावरच्या धावत्या धोट्यासारखे नेले. काकांनी तळहात सरळ करून विमान उडवलं. दोघांच्या खुणा वेगळ्या, मिलच्या या, डेकच्या त्या. चुकत होते, डोकं हलवत होते, परत दाखवत होते. सगळा मांडव बघत होता. ऐकू येणारे आम्ही सगळे गप्प होतो आणि ते दोघे गप्पा मारत होते.

मग गजभियेंनी प्रज्ञाकडे हात केला, तो स्वतःच्या छातीशी आणला आणि दोन्ही ओंजळी काकांपुढे उघड्या धरल्या.

काकांनी सवयीने खांबाकडे पाहिलं. बाबा तिथेच होते. पण त्यांनी पाठ फिरवली होती आणि मांडवाची दोरी, जी आधीच नीट बांधलेली होती, ती उगाचच पुन्हा आवळत होते.

काकांना ती पाठ दिसली. मग गजभियेंकडे वळले आणि अंगठा वर केला. तेवढ्यावर भागलं नाही. दोन्ही अंगठे वर केले.

काकूंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि उठल्या.

"जमलं दोघायचं," त्या म्हणाल्या. "आता बाकीच्यायनं बडबड बंद करा अन् जेवाले बसा, पोळ्या थंड्या होऊन राहिल्या."